बाबा बोटीवर, मुलगा वयात

पत्र थोडक्यात: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नवरा बोटीवर नोकरीला, शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, परतायचा नाही. घरी सासूबाई, साडेतेरा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी. मुलगा दरवर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीत पुढे उभा राहून गायचा. यंदा दारापाशी मागे बसून राहिला, कारण आवाज मध्येच फाटतो. काकांनी सगळ्यांदेखत त्याची नक्कल केली, शर्टातून जाणवणाऱ्या छातीवरूनही थट्टा केली. तेव्हापासून तो चारचौघांत शर्ट काढत नाही, भावंडांबरोबर न्हंयर (नदीवर) पोहायला जात नाही. सकाळी चादर गुंडाळून गादीखाली दडवतो. वर्गातली मुलं ताडमाड झाली, हा मात्र आहे तिथेच. "धातू जाते, म्हणून उंची खुंटली," असं सासूबाईंचं म्हणणं. नणंदेने ताकदीच्या चूर्णाचा डबा आणून दिला आहे. त्याच्या मोबाइलवर नको ते पाहिल्याचंही आईला दिसलं. ती विचारते: "हे बापानं मुलाला सांगायचं असतं ना? ते येईपर्यंत थांबू, की दिराला बोलायला सांगू? बोलून उलट नको ते डोक्यात भरलं तर? आणि चूर्ण द्यावं का?"

---

ताई,

चूर्ण देऊ नका. एवढं उत्तर आज लगेच हवं होतं म्हणून आधी सांगितलं. कारण पुढे येईलच.

तुमच्या पत्रात तीन खुणा आहेत आणि तिन्ही तुम्ही काळजीच्या म्हणून लिहिल्या आहेत: चादर, छाती, आवाज. डॉक्टरने हेच पत्र वाचलं तर त्याला यात एक सुरळीत चाललेला क्रम दिसेल. मुलगा वयात येऊन बराच पुढे सरकला आहे, एवढंच त्या खुणा सांगतात. मुलग्यात याची सुरुवात नऊ ते चौदा या वयात कधीही होते आणि पहिली खूण कुणालाच दिसत नाही, कारण ती असते वृषणांची वाढ. लहानपणी तीन मिलिलिटरच्या आत असलेला वृषण चार मिलिलिटरचा झाला की डॉक्टर म्हणतात, सुरू झालं. मग केस, मग लिंगाची वाढ, उंचीची झेप, आवाज आणि सगळ्यांत शेवटी दाढी-मिशी. मुलींची सुरुवात आठ ते तेराच्या दरम्यान होते आणि उंचीची झेप मुलग्यांच्या सुमारे दोन वर्षं आधी येते. म्हणून सातवी-आठवीच्या वर्गफोटोत मुली मागच्या रांगेत उभ्या दिसतात. बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९-७० मध्ये या वाढीच्या पाच पायऱ्या लिहून ठेवल्या. डॉक्टर आजही त्याच वापरतात. त्या पायऱ्यांत पुढे-मागे होण्याला चार-पाच वर्षांची मोकळीक आहे, म्हणजे एकाच बाकावरची दोन मुलं दोन वेगळ्या वयांची दिसू शकतात आणि दोघंही अगदी ठीक असतात.

हे सगळं सुरू होतं मेंदूत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढा भाग आहे. तिथून एक संप्रेरक (हार्मोन) थेंबाथेंबाने, साधारण दर दीड तासाने सुटतं आणि खालच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं. मग ती वृषणांना किंवा बीजकोषांना कामाला लावते. तुमच्या घरात घुमट आहे म्हणून सांगते: थाप मारून हात उचलला तर घुमट बोलतं, हात दाबून धरला तर मुकं होतं. इथंही तसंच. हे संप्रेरक ठोक्याठोक्याने आलं तरच ग्रंथी जागी राहते, सतत मिळत राहिलं तर बंद पडते. फार लवकर, म्हणजे सात-साडेसातलाच वयात येऊ लागलेल्या मुलींना जे इंजेक्शन देतात ते याच युक्तीवर चालतं. आणि हे ठोके सुरुवातीला रात्री, झोपेतच पडतात. या ठोक्यांना चालना देणाऱ्या प्रथिनाचं नाव किसपेप्टिन. त्याचं जनुक सापडलं अमेरिकेतल्या हर्शी गावी, आणि तिथल्या ‘किसेस’ नावाच्या चॉकलेटवरून त्याचं नाव ठेवलं गेलं. शास्त्रज्ञांनाही कधीकधी चहाच्या वेळेला नावं सुचतात.

आता छातीचं. स्तनाग्राखाली सुपारीएवढी, दाबल्यावर दुखणारी चकती लागत असेल, बहुधा आधी एका बाजूला. वयात येणाऱ्या मुलग्यांत निम्म्यांना तरी ती येते. मुलग्याच्या अंगातही थोडं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होतं आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाचा जोर पुरेसा चढेपर्यंत काही महिने तराजू त्या बाजूला झुकलेला असतो. सहा महिने ते दोन वर्षांत ती आपोआप जिरते. काही लावायचं नाही, चोळायचं नाही, आणि पुनःपुन्हा दाबून पाहायचं नाही, कारण दाबण्यानेच ती जास्त दुखते. दोन वर्षं उलटूनही राहिली, दगडासारखी टणक लागली, स्तनाग्रातून पाणी आलं, किंवा वृषणांची वाढच दिसत नसताना ही चकती आली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तोवर त्याला सैल, गडद रंगाचा, थोडा जाड सुती टी-शर्ट घेऊन द्या. फार साधी गोष्ट आहे, पण त्या मुलाचा दिवस बदलतो.

उंचीचं उत्तर गणितात आहे. मुलग्याच्या उंचीची सर्वांत वेगवान वाढ सरासरीने साडेतेरा-चौदाच्या आसपास होते आणि त्या वर्षी तो नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. तुमचा मुलगा नेमका त्या उंबरठ्यावर आहे. आई-वडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, बेरीज करा, मुलगा असेल तर तेरा मिळवा, मुलगी असेल तर तेरा वजा करा आणि दोनाने भागा. वडील १६८ आणि आई १५४ असेल तर मुलाचं उत्तर १६७.५ येतं. त्याच्या आठ-साडेआठ सेंटिमीटर वर-खाली कुठेही तो थांबू शकतो. वर्गातल्या सहा फुटी मुलाशी तुलना करण्याआधी त्या मुलाच्या बापाकडे एकदा बघा. आणि सासूबाईंना विचारा, त्यांच्या मुलाची, म्हणजे तुमच्या नवऱ्याची, उंची कितवीत वाढली. उशिरा वाढणं घराण्यात चालत येतं. "दहावीनंतर वाढला," असं उत्तर आलं तर निम्मी काळजी तिथेच मिटेल.

सासूबाईंच्या ‘धातू’वर थोडं थांबू या, कारण हा गैरसमज एकट्या त्यांचा नाही. झोपेत वीर्य बाहेर पडणं याला मराठीत आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो आणि शब्दातच मुलाला दोषी ठरवून मोकळे होतो. दोष कसला? वीर्य तयार होऊ लागलं, साठलं, झोपेत बाहेर पडलं. एका वेळचं वीर्य चहाच्या एका चमच्याएवढंही भरत नाही. त्यात शुक्रजंतू पाच टक्क्यांच्याही आत. उरलेला स्राव वीर्याशय आणि प्रोस्टेट ग्रंथींचा, म्हणजे बहुतांश पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं. ‘रक्ताच्या चाळीस थेंबांतून एक थेंब’ हे ऐकायला भारदस्त आहे, पण शरीरात अशी कुठलीही भट्टी नाही. शुक्रजंतू वृषणात रात्रंदिवस तयार होतात, एक घडायला सुमारे अडीच महिने लागतात आणि गळतीने साठा संपत नाही. उंचीशी, स्मरणशक्तीशी, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांशी याचा काही संबंध नाही. हस्तमैथुनाचंही हेच. बहुतेक मुलगे आणि पुष्कळ मुली ते करतात, त्याने शरीराला इजा होत नाही, ती खाजगीत करायची गोष्ट आहे, बस्स.

अपाय होतो तो भीतीने. ‘धातू जाते’ या धास्तीने थकवा, अंगदुखी, उदासी घेऊन डॉक्टरकडे येणारे तरुण पाहून मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ नाव दिलं. थकवा खरा असतो, कारण चुकीचं असतं. मराठीत हे सांगून झालंय, तेही फार पूर्वी. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हेच लिहीत होते. वाचकांच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली, आणि चूर्णाचे डबे अजून खपताहेत.

डबा का नको, ते असं. ‘ताकद’, ‘उंची’, ‘वजन’ अशा नावाखाली विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. वाढत्या मुलाला बाहेरून पुरुष-संप्रेरकासारखं काही मिळालं तर सुरुवातीला तो झपाट्याने वाढल्यासारखा दिसतो, घरचे खूश होतात. पण लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या वाढपट्ट्या असतात, त्या त्याने वेळेआधी मिटतात. एकदा मिटल्या की उंची तिथेच संपली. म्हणजे ज्या भीतीने डबा आणला तेच डबा घडवून आणतो. सासूबाईंना राग येऊ न देता हे सांगायचं तर "डॉक्टरांनी सांगितलंय, आधी तपासल्याशिवाय काही देऊ नका" हे वाक्य पुरेल. सोलकढी, कोकमाचं सरबत त्यांना खुशाल देऊ द्या. ‘उष्णता’ जाईल न जाईल, मुलाला आवडेल. खरी ताकद हवी असेल तर सकाळी नाचणीची आंबील, दुपारी बांगडा किंवा तारली, डाळ, अंडं, आणि रात्री आठ ते दहा तास झोप. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेतच सर्वांत जास्त सुटतं. या वयात झोपेचं घड्याळ मुळातच तास-दोन तास पुढे सरकतं, त्यामुळे दहाला झोप येत नाही हा त्याचा हट्ट नसतो. पण सकाळची शाळा चुकत नाही, म्हणून निदान उशाजवळचा मोबाइल तरी जायला हवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न: बापाने सांगायचं असतं ना?

असं कुठे लिहिलंय? बहुतेक घरांत बाप गावात असूनही बोलत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ‘बाबा येतील तेव्हा’ हे पुष्कळदा ‘कधीच नाही’ याचं सभ्य रूप असतं. आणि शिगम्यापर्यंत थांबायची अडचण फक्त लाजेची नाही. एक आजार सांगते, तो वाचा आणि मग ठरवा.

वृषणाला रक्त पुरवणारी दोरी असते. क्वचित ती अचानक पिळली जाते. बारा ते अठरा या वयात हे सर्वांत जास्त होतं, पुष्कळदा झोपेत, कधी खेळताना. एका बाजूला एकदम असह्य कळ येते, मळमळ, उलटी होते, तो वृषण वर ओढल्यासारखा दिसतो. दोरी सहा तासांच्या आत शस्त्रक्रियेने उलगडली तर वृषण बहुधा वाचतो. जसजसे तास उलटतात तशी आशा कमी होते आणि दिवस गेला तर बहुतेक वेळा तो काढावा लागतो. आता रात्री दोन वाजता ही कळ आलेल्या मुलाला आईशी ‘तिथलं’ बोलायची सवय नसेल तर तो काय म्हणेल? "पोटात दुखतंय." तुम्ही ओवा द्याल, शेकाल, सकाळपर्यंत थांबाल. डॉक्टरसुद्धा कधीकधी पोटच तपासत बसतात. म्हणून मुलाला आज एवढं सांगून ठेवा: "खाली अचानक जोरात दुखलं तर कितीही वाजले असले तरी मला उठव, लाजू नकोस." आणि तसं झालं तर गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता १०८ बोलवा किंवा गाडी काढा, आणि थेट म्हापशाचं जिल्हा रुग्णालय नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, गाठा. वाटेत त्याला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागते.

दिराला सांगू का, असंही तुम्ही विचारलंय. ज्याने चारचौघांत हसं केलं त्याच्याकडे मुलगा मन मोकळं करणार नाही. या वयात मुलांना सतत वाटतं की सगळं जग आपल्याकडेच बघतंय. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. तुमच्या मुलापुढे चवथीला खरेच प्रेक्षक होते, गणपतीवरच्या माटोळीखाली, म्हणजे फळा-पानांच्या मांडवाखाली, पंचवीस तरी. त्यात मेंदूचा भावना आणि मजा शोधणारा भाग या वयात जोरात असतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला विशी ओलांडावी लागते. लाज, राग, धडधड सगळं मोठ्यांपेक्षा दुप्पट. दिराशी तुम्हीच एकदा बोला, मुलगा जवळ नसताना, एका वाक्यात: "भावजी, त्याच्या अंगावरून थट्टा नको. तुमचा आवाज फुटला तेव्हाची गंमत त्याला सांगा हवी तर." दुसऱ्या वाक्याची गरज पडू नये.

नवऱ्याला मात्र यातून सोडू नका. तो लांब आहे, पण बोटीवरून व्हिडिओ कॉल येतोच ना? त्याने व्याख्यान द्यायचं नाही. "माझाही आवाज नववीत फुटला होता, वर्षभर कुणाशी बोलायचो नाही," एवढं म्हणायचं, तेही जेवण काय केलं, फुटबॉल कोण जिंकलं याच्या मध्येच. सगळ्यांसमोरच्या कॉलवर नको, मुलाला वेगळा फोन करून किंवा आवाजाचा मेसेज पाठवून.

बोलल्याने डोक्यात नको ते भरेल ही भीती तपासून झाली आहे. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शक आराखड्यात जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे: अशी माहिती मिळाल्याने मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत. आणि तुमच्या बाबतीत तर मोबाइलने आधीच भरलंय. तुम्ही बोललात तर निदान दुसरी बाजू कळेल.

खरी अडचण वेगळीच असते, शब्दांची. घरी आपण कोकणीत बोलतो, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी, आणि मुलाचा विज्ञानाचा धडा इंग्रजीत. त्याला ‘टेस्टीज’ परीक्षेपुरतं येतं, तुम्हाला ‘वृषण’ वाचून माहीत, आणि दोघांच्या बोलीत त्या जागेसाठी उरतात ते शिवीतले शब्द. मग बोलायचं कशात? यावर सोपा उपाय म्हणजे कुठलाही एक शब्द ठरवून टाका. ‘वृषण’ म्हणा, ‘टेस्टीज’ म्हणा, पण ‘ते’, ‘तिथं’, ‘खालचं’ याने काम चालवू नका. पहिल्यांदा जीभ अडखळेल. न्हाणीत एकट्याने दोनदा मोठ्याने म्हणून बघा, हसू येईल, मग सुटेल.

आणि एक मोठी बैठक घेऊ नका. मुलाला समोर बसवून, दार लावून, "मला तुझ्याशी बोलायचंय" म्हटलं की त्याचं अर्धं लक्ष दाराकडे. दोघांची नजर दुसरीकडे असेल अशी वेळ धरा: स्कूटरवर मागे बसलेला असताना, तुम्ही मासळी साफ करताय आणि तो नारळ किसतोय तेव्हा. दोन-तीन मिनिटं, एकच गोष्ट, आणि विषय सोडून द्या. तो "मला माहीत आहे" म्हणाला तर "बरं झालं" म्हणा. त्याने ऐकलेलं असतं.

सुरुवात चादरीपासून करा. त्याच्या खोलीत दोन जास्तीच्या चादरी ठेवा आणि न्हाणीत एक वेगळी बादली. मग असं म्हणा: "चादर खराब झाली तर बादलीत थंड पाण्यात टाक. सगळ्या मुलग्यांना हे होतं, आजार नाही." आणि तिथून निघून या. थंड पाणी का, तर वीर्य काय, रक्त काय, दोन्हींत प्रथिनं. गरम पाण्यात अंडं जसं घट्ट होतं तशी ती धाग्यात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. अर्धा तास थंड पाण्यात भिजवायचं, साबण लावून हाताने चोळायचं, मग मशिनमध्ये नेहमीच्या कपड्यांबरोबर. हेच पुढे मुलीलाही शिकवायचंय, कारण तिची पाळी सुरू झाली की तिच्या चादरीलाही तोच नियम. आपलं आपण धुता आलं की लपवायचं कारण संपतं.

त्याच बादलीजवळ आणखी दोन गोष्टी. घामाला आता वास येऊ लागला असेल, काखेतल्या वेगळ्या ग्रंथी या वयात जाग्या होतात. रोज आंघोळ, रोज धुतलेली आणि पूर्ण सुकलेली सुती चड्डी. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे ओलसरच घातले जातात आणि जांघेत खाजरं, गोल कडेचं गजकर्ण उठतं, मुलगे ते महिनोन्‌महिने लपवतात. दुकानदाराने दिलेलं ‘तीन-इन-वन’ मलम लावू देऊ नका. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं, खाज चार दिवस थांबते आणि बुरशी पसरते. लिंगावरची त्वचा आंघोळीत जेवढी सहज मागे जाते तेवढीच घेऊन पाण्याने धुवायची, जबरदस्ती नाही. लघवीच्या वेळी त्वचा फुगत असेल किंवा दुखत असेल तर डॉक्टर.

मोबाइलचं: फोन हिसकावू नका. हिसकावलात तर पुढची अडचण तो तुमच्याकडे आणणार नाही, आणि पुढची अडचण मोठी असू शकते. "मी पाहिलं, रागावले नाही. ते ठरवून केलेलं नाटक असतं, सिनेमातल्या मारामारीइतकंच खरं. खऱ्या माणसांत आधी विचारणं असतं, नाही म्हणणं असतं," एवढं सांगा. रात्री दहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचाही. नियम सगळ्यांना सारखा असला तरच टिकतो. आणि हे आधीच सांगून ठेवा की कुणी ऑनलाइन ओळख काढून फोटो मागितला, मग धमकावून पैसे मागितले, तर पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत, आधी आईला दाखवायचं. सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८. ‘घाणेरडा स्पर्श’ फक्त मुलींनाच होतो असंही समजू नका. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, अठरा वर्षांखालच्या मुलग्यांनाही तेवढंच संरक्षण देतो, हे मुलग्यालाच माहीत नसतं.

या वयात कुणाबद्दल तरी ओढ वाटू लागते, तीही येईल. वर्गातल्या मुलीबद्दल वाटेल, कदाचित मुलाबद्दल. दोन्ही निसर्गातच आहे, आजार नाही, आणि तो ‘बरा’ करून देतो म्हणणाऱ्याकडे पाऊल टाकू नका. हे पत्रात नव्हतं, पण हे पान दुसऱ्याही आया वाचतात.

गाण्याचं मला सर्वांत वाईट वाटलं, आणि त्यावर उपायही सर्वांत सोपा आहे. टेस्टोस्टेरॉनने स्वरयंत्र मोठं होतं, कंठमणी पुढे येतो, आतल्या स्वरपट्ट्या लांब आणि जाड होतात. त्यांना आवरणाऱ्या स्नायूंना नव्या मापाची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून सूर मध्येच घसरतो. शेवटी आवाज साधारण एका सप्तकाने खाली येतो. बहुतेकांचं वर्षभरात स्थिरावतं, काहींचं जरा लांबतं. तोवर गाणं बंद करायचं कारण नाही, पट्टी बदलायची. काळी पाचमध्ये गाणारा मुलगा त्याच पट्टीत ओढत राहिला तर घसा दुखणारच. पेटीवाल्याला सांगून दोन-तीन स्वर खाली घ्या, मधल्या सप्तकातलेच सोपे अभंग, दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, ओरडून आरती नाही, पाणी भरपूर. दुखलं की थांबायचं. आणि या वर्षात त्याच्या हाती घुमट द्या किंवा त्याच्या साथीचं शामेळ हे वाद्य. तो आरतीत पुढेच राहील, आवाज नीट होईपर्यंत हात बोलतील.

मुलीला विसरू नका. दहा वर्षांची आहे म्हणजे तिची वेळ आली आहे, आणि ती भावाचं सगळं बघते आहे. छातीत एका बाजूला दुखरी गाठ आली की सुरुवात झाली. तिथून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, पाळीनंतर उंची आणखी पाच-सात सेंटिमीटरच वाढते. दप्तरात एका पिशवीत दोन पॅड, एक चड्डी आणि वर्तमानपत्राचा कागद आताच ठेवा. पहिली दोन वर्षं पाळी अनियमित असू शकते, एकवीस ते पंचेचाळीस दिवसांत कधीही. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. तासाला एक पॅड भिजत असेल किंवा सात दिवसांहून जास्त अंगावरून जात असेल तर दाखवायचं. शाळेत आठवड्याची लोहाची निळी गोळी मिळाली तर ती टाकून न देता जेवणानंतर घ्यायला सांगा. बाजूला बसवायचं की नाही हे सासूबाई ठरवतील असं तुम्हाला वाटेल. माझं मत स्पष्ट आहे: नको. निदान पहिल्या वेळी तरी मुलीला ‘शिवू नकोस’ हे पहिलं वाक्य ऐकू येऊ नये. आणि पाळी म्हणजे काय हे भावालाही सांगा, त्याच्याच वर्गातल्या मुलींसाठी.

डॉक्टरकडे कधी जायचं तर: मुलग्याला चौदा पूर्ण होऊनही वृषणांची वाढ नसेल, मुलीला तेरापर्यंत छातीची वाढ नसेल किंवा पंधरापर्यंत पाळी नसेल, उलट मुलीला आठाआधी आणि मुलग्याला नवाआधीच सुरुवात झाली असेल, वाढ वर्षाला चार सेंटिमीटरच्याही खाली असेल, वास येत नसेल, किंवा डोकेदुखी आणि नजर अंधुक होत असेल. डॉक्टर बहुधा डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. मुलाशी दोन मिनिटं एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. सरकारी आरोग्य केंद्रांत दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी किशोर आरोग्याची सोय २०१४ पासूनच्या केंद्राच्या योजनेत आहे, चौकशी करा. तो फारच गप्प, उदास, जेवत नाही, शाळा टाळतो असं दोन आठवडे चाललं तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा किंवा १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तो मोफत आहे.

आणि आजच एक काम करा. दाराच्या चौकटीला पाठ, टाचा आणि डोकं टेकवून, अनवाणी, नजर सरळ, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीने खूण करा आणि बाजूला तारीख घाला. शक्यतो सकाळी, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर दबतो. बहिणीचीही खूण त्याच चौकटीवर. पुढची तीन महिन्यांनी. शिगम्याला बाबा घरी येतील तेव्हा त्यांनाही तिथं उभं करा, आणि खूण मुलालाच करू द्या.